मोजता न येणारा थकवा



पाण्याने भरलेली एक बादली उचला आणि जागचे न हलता पाच मिनिटे ती हातात धरून उभे राहा. कार्याची व्याख्या तुम्ही शाळेत शिकला आहात : बल गुणिले विस्थापन. बादली हलली नाही, म्हणजे विस्थापन शून्य. तेव्हा तुम्ही बादलीवर केलेले कार्यही शून्य. परीक्षेत असे उत्तर लिहिलेत तर पूर्ण गुण मिळतील. पण तुमचा हात काय म्हणतो? मनगट थरथरू लागते, खांदा भरून येतो, बोटे लाल होतात आणि शेवटी बादली खाली ठेवावीच लागते.

मग खोटे कोण? पुस्तक की हात? दोघेही खरेच आहेत. बादली स्थिर दिसत असली तरी दंडाच्या आणि बोटांच्या स्नायूंतील तंतू स्थिर नसतात. ते आळीपाळीने आकुंचन पावतात, सैल पडतात आणि पुन्हा आकुंचन पावतात. ह्या प्रत्येक खेपेला रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. खर्च मात्र आत चालूच असतो.

आज मला तुमच्याशी अशाच एका थकव्याविषयी बोलायचे आहे, ज्याचा सगळा खर्च आतल्या आत होतो. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. एखादी गोष्ट आपल्या मापकावर दिसत नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे ठरवणे हे विज्ञान नव्हे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या आपल्या कारखानदारी पट्ट्यात, जिथे सगळे मोजूनमापून चालते, तिथे तर ही चूक फार सहज होते. तिचा भुर्दंड आजारी माणसाला भरावा लागतो.

आतड्यांचा दाह

हा थकवा आतड्यांच्या जुनाट दाहाच्या रोग्यांना येतो. ह्या रोगाला डॉक्टर आद्याक्षरांनी आय.बी.डी. म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, शौचावाटे रक्त जाते आणि दिवसातून अनेकदा घाईने शौचाला धावावे लागते. हे नाव सॅम्युएल विल्क्स ह्या इंग्रज डॉक्टरांनी १८५९ मध्ये वापरले होते. दुसरा प्रकार क्रोन रोग. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर ह्या तिघांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो, पण लहान आतड्याचा शेवटचा भाग ही त्याची आवडती जागा. तो नुसत्या अस्तरावर थांबत नाही, आतड्याची भिंत आरपार पोखरतो.

दोन्ही प्रकार बहुधा तरुण वयात सुरू होतात, कधी कधी शाळकरी वयातही. दोन्ही संसर्गजन्य नाहीत. अशा मित्राच्या डब्यातली पोळी खाल्ल्याने तुम्हाला काही होणार नाही. रोग जन्मभर सोबत राहतो. मधूनमधून उचल खातो, मधूनमधून शांत होतो. ह्याच्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेला आणखी एक पोटाचा विकार आहे, पण त्यात आतड्याला व्रण पडत नाहीत. दोघांची गल्लत करू नका.

पिंपरीचे नाव रोगजंतूंविरुद्धच्या लढाईशी जुने जोडलेले आहे. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये येथे स्थापन झाला आणि देशाला येथले पेनिसिलिन मिळू लागले. शत्रू ओळखीचा होता : जंतू. त्याला मारले की रोगी उठून बसे. आय.बी.डी.मध्ये असा मारण्याजोगा एकच एक जंतू सापडलेला नाही. आनुवंशिकता, आतड्यात वस्तीला असणारे असंख्य सूक्ष्मजीव, आहार आणि परिसर ह्यांच्या कुठल्याशा गुंत्यातून शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर चालून जाते. गावाच्या रक्षणासाठी ठेवलेली फौज गावातच तळ ठोकून बसावी, तसा हा प्रकार.

पूर्वी हा पाश्चात्त्यांचा रोग समजला जाई. आपल्याकडे आतड्यात व्रण दिसले की डॉक्टरांना आधी क्षयाची शंका येते, आणि ते योग्यच आहे. कारण आतड्याचा क्षय आणि क्रोन रोग दुर्बिणीतून पाहिले तरी सारखे दिसू शकतात. पण आता चित्र बदलत आहे. जागतिक रोगभाराच्या एका अंदाजानुसार भारतात १९९० मध्ये ह्या रोगाचे सुमारे १ लाख ३० हजार रोगी होते. २०१९ मध्ये ते सुमारे २ लाख ७० हजार झाले.

पोटात कळ येते, रक्त जाते, हे कोणालाही समजते. पण ह्या रोग्यांना विचारले की सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, तर पुष्कळ जण सांगतात : थकव्याचा. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, तरी ढोबळ चित्र असे आहे. रोग जोरात असताना दहांपैकी सुमारे आठ जणांना हा थकवा जाणवतो. रोग शांत असतानाही दहांपैकी सुमारे चार जणांना तो सोडत नाही. दुसरा आकडा नीट लक्षात ठेवा. पोट बरे आहे, तपासण्या ठीक आहेत, आणि तरीही माणूस गळून गेलेला आहे.

ऊर्जा जाते कोठे?

दिवसभर क्रिकेट खेळून तुम्ही दमता, रात्री झोपता आणि सकाळी ताजेतवाने उठता. हा थकवा तसा नव्हे. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात शिसे ओतल्यासारखे वाटते. आंघोळ केली तरी बसावे लागते. वाचलेले वाक्य डोक्यात शिरत नाही. ह्याची कारणे एक नाही, अनेक आहेत.

पहिले कारण रक्ताचे. आतड्यातून रोज थोडे थोडे रक्त गेले की त्याबरोबर लोह जाते, आणि लोहाशिवाय हिमोग्लोबिन बनत नाही. येथे जरा आकडेमोड करू या. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेऊ शकते. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल, तर ते रक्त जवळजवळ १९ मिलिलिटर प्राणवायू नेईल. हिमोग्लोबिन ९ ग्रॅम असेल, तर फक्त १२ मिलिलिटर. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. म्हणजे पहिल्याला मिनिटाला ९४० मिलिलिटर प्राणवायू मिळतो, दुसऱ्याला ६०० मिलिलिटर. स्वस्थ बसलेल्या शरीराची गरज साधारण २५० मिलिलिटर. दोघांचेही भागते! दोघांना शेजारी शेजारी खुर्चीवर बसवले, तर फरक कळणार नाही. पण दोघांना जिना चढायला सांगा. तेवढाच प्राणवायू पोचवण्यासाठी दुसऱ्याच्या हृदयाला दीडपटीहून अधिक रक्त ढकलावे लागेल.

मग लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, झाले! असे तुम्ही म्हणाल. पण दाह चालू असताना यकृत हेप्सिडिन नावाचे एक संप्रेरक जास्त प्रमाणात सोडते. ते आतड्यातून लोह आत येण्याची वाट अडवते, आणि पेशींच्या कोठारात असलेले लोहही बाहेर पडू देत नाही. कोठारात धान्य आहे, पण दाराला कुलूप. म्हणून अशा काही रोग्यांना लोह शिरेतून द्यावे लागते. शिवाय ब-१२ हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या नेमक्या शेवटच्या भागात शोषले जाते, म्हणजे क्रोन रोगाच्या आवडत्या जागीच. त्यात आहार शाकाहारी असेल, तर ब-१२ची आवक मुळातच बेताची.

दुसरे कारण झोपेचे. रात्री तीन-चार वेळा उठावे लागणाऱ्याची झोप ती काय! स्टेरॉइडसारखी काही औषधेही झोप उडवतात, आणि फार दिवस घेतली तर स्नायू दुबळे करतात.

तिसरे कारण मला सर्वांत मनोवेधक वाटते. दाह चालू असताना प्रतिकारपेशी सायटोकाइन नावाची निरोप्या रसायने रक्तात सोडतात. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो : हालचाल कमी कर, पडून राहा, खाणे सोड. आजारी बैल वैरणीला तोंड लावत नाही, गोठ्याच्या कोपऱ्यात मान टाकून बसतो, हे खेड-चाकणकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. हे केवळ अशक्तपणामुळे होत नसून रोगाशी लढण्यासाठी शरीराने आखलेली ती एक योजना आहे, असे बेंजामिन हार्ट ह्या पशुवैद्यक शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये मांडले. चार दिवसांच्या तापात ही योजना उपयोगी पडते. पण आतड्याचा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला तर तोच निरोप वर्षानुवर्षे येत राहतो. तेव्हा ह्या माणसाला ‘जरा मनाचा हिय्या कर’ म्हणणे म्हणजे तापलेल्या माणसाला ‘जरा ३७ अंशांवर ये’ म्हणण्यासारखेच आहे.

जुन्या सेलचा धडा

आता माझ्या विषयातला एक प्रयोग सांगतो. टॉर्चमधला एक जुना, वापरलेला सेल घ्या. त्याला नुसता व्होल्टमीटर जोडा. काटा १.४ व्होल्टच्या आसपास दाखवील. नव्या सेलचा असतो १.५. तुम्ही म्हणाल, हा तर जवळजवळ नव्यासारखाच! आता त्याला बल्ब जोडा. बल्ब मिणमिणतो, आणि काटा झरकन खाली येतो.

असे का झाले? प्रत्येक सेलच्या पोटातही थोडा विद्युत्‌रोध असतो. त्याला अंतर्गत रोध म्हणतात. सेल जुना होतो तसा तो वाढतो. समजा, बल्बचा रोध ५ ओहम आहे. नव्या सेलचा अंतर्गत रोध अर्धा ओहम असेल, तर प्रवाह १.५ भागिले ५.५, म्हणजे ०.२७ अँपिअर, आणि बल्बच्या वाट्याला सुमारे १.३६ व्होल्ट येतात. जुन्या सेलचा अंतर्गत रोध १० ओहम झाला असेल, तर प्रवाह १.४ भागिले १५, म्हणजे ०.०९ अँपिअर, आणि बल्बच्या वाट्याला अर्धा व्होल्टही येत नाही. बाकीचे सगळे सेलच्या पोटातच जिरते.

व्होल्टमीटर खोटे बोलला का? मुळीच नाही. त्याने आपल्याला भार नसतानाचे उत्तर दिले. आपण ते भार असतानाचे समजलो. ‘चेहरा तर चांगला दिसतो’, ‘बसल्या जागी तर नीट बोलतोस’, असे आपण आय.बी.डी.च्या रोग्याला म्हणतो, तेव्हा आपणही भार न जोडता काटा वाचत असतो. उपमेला मर्यादा आहेत, हे खरे. माणूस सेल नाही. उपचाराने त्याचा ‘अंतर्गत रोध’ कमी होऊ शकतो. पण काटा कोणत्या स्थितीत वाचला हे आधी विचारावे, एवढा धडा ह्या प्रयोगातून घ्यायला हरकत नाही.

आपल्या पट्ट्यात काय होते?

भोसरी, आकुर्डी, निगडी, तळवडे, चाकण ह्या भागांत राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी कारखान्यात जात असेल. कोणाचे वडील मशिनवर असतील, कोणाची आई पॅकिंगला, कोणाचा दादा कंत्राटी कामगार म्हणून असेंब्ली लाइनवर. तेथे मिलिमीटरचा शंभरावा भागही मोजतात. मिनिटाला किती नग झाले ते मोजतात. ही शिस्त चांगली आहे. तिच्याशिवाय एकही गाडी रस्त्यावर धावली नसती. पण ह्या शिस्तीत वाढलेल्या मनाला एक खोड लागते : ज्याचे माप नाही, ते नाहीच.

आता ह्या लाइनवर आय.बी.डी.चा एखादा तरुण उभा आहे असे समजा. आठ तास उभे राहायचे. ह्या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. म्हणजे आधीच मोडलेली झोप आणखी मोडायची. लाइन सोडून शौचाला जायचे तर सुपरवायझरला विचारायचे, बदली माणसाची वाट पाहायची. खाडा पडला की पगार कापला जातो. तीन खाडे झाले की ‘कामचुकार’ हा शिक्का बसतो. हात मोडला असता तर प्लास्टर तरी दाखवता आले असते. थकवा तो कोणाला काय दाखवणार?

१९४८ च्या कारखाना कायद्यातच असे लिहिले होते की शौचालये सोयीच्या जागी असावीत आणि कामगार कारखान्यात असेल त्या सर्व वेळी त्याला तेथे जाता यावे. कायदे बदलतात, पण पोटाची ही गरज बदलत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. त्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. रक्ताचे तीन विकारही त्यात आले, हे चांगलेच झाले. पण आतड्यांच्या ह्या दाहाचे नाव त्या यादीत नाही. म्हणून ह्या रोग्याला आज मुख्यतः समोरच्या माणसाच्या समजूतदारपणावरच विसंबावे लागते.

हा रोग मोठ्या पदावरच्यांनाही सोडत नाही. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे ह्यांना तरुणपणापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. २००७ मध्ये त्यांनी वर्षभरातच पद सोडले. पुढे नवे औषध लागू पडले. ते पुन्हा निवडून आले आणि जपानचे सर्वांत दीर्घकाळचे पंतप्रधान ठरले. रोगाने पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा २८ ऑगस्ट २०२० रोजी त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. अंगात पुरेशी ताकद नसताना देशाच्या निर्णयात चूक होऊ नये, असे कारण त्यांनी दिले. त्यांना कामचुकार म्हणणे अन्यायाचे ठरेल. लाइनवरच्या तरुणालाही तोच न्याय हवा.

ढोंगी कसा ओळखायचा?

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ‘थकलो’ असे कोणीही म्हणू शकतो. मग खरा कोण आणि सोंग घेणारा कोण, हे कसे ठरवायचे?

ह्याचे उत्तर कारखान्यातल्या तपासनीसालाच विचारा. गेज लावून माल तपासताना चुका दोन प्रकारच्या होतात. खराब नग पास होतो, किंवा चांगला नग नापास होतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. कोणती चूक अधिक महाग, हे पाहून तपासणी ठरवावी लागते. येथेही तसेच करा. एखाद्या सोंगाड्याला दहा मिनिटे बसायला स्टूल मिळाले, तर नुकसान दहा मिनिटांचे. खऱ्या रोग्याला खोटे ठरवले, तर तो रोग लपवतो, गोळ्या चुकवतो, रजा न घेता ओढत राहतो आणि शेवटी नोकरी किंवा शिक्षण सोडतो. कोणती चूक महाग, तुम्हीच सांगा.

शिवाय थकव्याचे माप अगदीच नाही असेही नाही. आंजेलो मोस्सो ह्या इटालियन शास्त्रज्ञांनी बोटाने वजन उचलायला लावून स्नायूच्या थकव्याचा आलेख काढणारे यंत्र बनवले आणि १८९१ मध्ये थकव्यावर एक आख्खे पुस्तक लिहिले. स्वीडनच्या गुन्नर बोर्ग ह्यांनी उलटी वाट धरली : श्रम किती वाटतात, हे करणाऱ्यालाच ६ ते २० ह्या अंकांत सांगायला लावले. सांगितलेले अंक हृदयाच्या ठोक्यांशी बऱ्यापैकी जुळतात असे आढळले. आय.बी.डी.च्या थकव्यासाठीही डॉक्टर आता प्रश्नावल्या वापरतात. माणसाला नीट विचारणे, हेही एक मापनच आहे. तापाचेच पहा ना. जर्मनीच्या वुंडरलिख ह्यांनी हजारो रोग्यांचे तापमान नोंदून १८६८ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तापमापक रोग्याच्या उशाशी आला. त्याआधी वैद्य कपाळाला हात लावून ताप पाहत. तेव्हा ताप नव्हता असे म्हणायचे का?

तुम्ही काय करू शकता?

सुदैवाने उपचार थांबलेले नाहीत. १९५५ मध्ये ट्रुलव्ह आणि विट्स ह्यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसवर कॉर्टिसोनचा उपयोग पद्धतशीर चाचणीने दाखवून दिला. १९९८ मध्ये क्रोन रोगासाठी इन्फ्लिक्सिमॅब ह्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते दाहाच्या एका निरोप्यालाच वाटेत पकडते. लोह आणि ब-१२ भरून काढता येते. झेपेल एवढा नियमित व्यायामही काहींना गुण देतो. मात्र थकवा आहे हे आधी डॉक्टरांना सांगावे लागते, आणि ऐकणारा हसेल ही भीती असली की माणूस सांगतच नाही.

म्हणून तुमच्याकडून मला चार गोष्टी हव्या आहेत. एक : वर्गातला कोणी वरचेवर शौचाला जात असेल, तर त्याला हसू नका, आणि दुसऱ्यालाही हसू देऊ नका. दोन : डॉक्टरांची चिठ्ठी असलेल्या मुलाला न विचारता वर्गाबाहेर जाण्याची कायमची मुभा मिळावी, कवायतीच्या तासाला बसता यावे, हुकलेल्या प्रयोगासाठी दुसरा दिवस मिळावा, अशी विनंती वर्गाने मिळून मुख्याध्यापकांना करावी. आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी दोन-दोन तास उभे असतात. एका टेबलाशी एक स्टूल ठेवल्याने प्रयोगाचे उत्तर चुकल्याचे मी पाहिलेले नाही. तीन : घरी कोणी सुपरवायझर असेल, तर हा लेख त्यांच्यापुढे ठेवा आणि जुन्या सेलचा प्रयोग त्यांना करून दाखवा. चार, आणि ही सर्वांत महत्त्वाची : तुम्हाला स्वतःला आठवडेच्या आठवडे जुलाब होत असतील, शौचावाटे रक्त जात असेल, वजन घटत असेल, तर लाजू नका. आजच आईला किंवा वडिलांना सांगा आणि दवाखान्यात जा.

दरवर्षी १९ मे हा दिवस ह्या रोगाविषयी जागृती करण्यासाठी जगभर पाळला जातो. तेव्हा शाळेला सुटी असते, हे मला ठाऊक आहे. पण मित्राच्या घरी जाऊन ‘आज कसे वाटते?’ असे विचारायला आणि त्याने दिलेले उत्तर खरे मानायला शाळा उघडी असावी लागत नाही.